राजगड कोणी झाडला?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्या बारांत आपल्या वेल्ह्याचा राजगड आहे. त्याआधी मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याला मंजुरी दिली होती. किल्ल्याचे नाव तालुक्याला देणे या भागाला नवीन नाही. भोर संस्थानाच्या काळातही विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी तालुक्यांची नावे होती. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण अभिमानाच्या गर्दीत एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. पाव शतक जो गड स्वराज्याची राजधानी होता, त्या गडावर रोज केर कोणी काढला? पाण्याची टाकी कोणी फोडली, त्यांतला गाळ कोणी उपसला? तटाखालच्या रानात रात्रभर जागे कोण राहिले? राजा कोण होता हे शाळेतल्या पहिल्या इयत्तेच्या मुलालाही माहीत आहे. राजाचा गड चालता ठेवणारे हात कोणाचे होते, हे पदवीधरालाही सांगता येत नाही. हे अज्ञान आपोआप आलेले नाही. ते घडवलेले आहे, आणि ज्या पद्धतीने ते घडवले गेले तिच्याबद्दल हा लेख आहे.

मनोरंजन उद्यानाचे तळघर

सुरुवात थोडी लांबून करतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डिस्नेचे 'मॅजिक किंगडम' नावाचे उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. तिथे जाणाऱ्या माणसाला वाटते की आपण जमिनीवरून चाललो आहोत. प्रत्यक्षात तो एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून चाललेला असतो. त्या भागात थोडे खणले तरी पाणी लागते, म्हणून भुयारे जमिनीच्या पातळीवरच बांधली, शेजारी तळे खोदून निघालेली माती त्यांच्यावर टाकली आणि त्या मातीवर राजवाडा उभा केला. खाली कर्मचाऱ्यांचे रस्ते, कपडे बदलण्याच्या खोल्या, कोठारे, विजेच्या तारा आणि कचरा हवेच्या जोराने ओढून नेणारे नळ आहेत.

हे का केले, याची एक गोष्ट सांगितली जाते. १९५५ साली सुरू झालेल्या कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये गुराख्याच्या वेशातला एक कर्मचारी आपल्या कामावर जाताना भविष्यकाळाच्या देखाव्यातून चालत गेला. वॉल्ट डिस्नेंना ते खटकले. प्रेक्षकाचे स्वप्न मोडायचे नसेल, तर काम करणारा माणूस भलत्या ठिकाणी दिसता कामा नये. म्हणून पुढच्या उद्यानात त्याच्यासाठी वेगळी वाट बांधली गेली.

आपल्याकडेही अशी उद्याने आली. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये. आता इतिहासाचेही उद्यान झाले आहे. पुण्याच्या नऱ्हे-आंबेगावात बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतली 'शिवसृष्टी' उभी राहते आहे, आणि तिच्या 'सरकारवाडा' या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. पुण्याहून राजगडाला निघालेला माणूस त्याच महामार्गाने पुढे नसरापूर फाट्याला वळतो आणि मार्गासनीवरून गुंजवण्याला पोहोचतो. उद्यानातला इतिहास आणि डोंगरावरचा इतिहास एकाच रस्त्यावर आहेत.

कोणत्याही करमणुकीच्या उद्यानाला पडद्यामागची जागा लागतेच. यंत्र चालवायला, कचरा काढायला, पाणी फिरवायला माणसे लागतात आणि त्यांना दृष्टीआड ठेवायला भिंत लागते. मला सांगायचे आहे ते पुढचे. ही भिंत अमेरिकेला सिमेंटची बांधावी लागली. आपल्याकडे ती जातीची होती, म्हणून ती दगडात दिसत नाही. गडाचे अवशेष मोजायला गेलेल्या संशोधकालाही ती सापडत नाही.

राजगडाची 'आतली' बाजू

राजगडावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला आहे. पर्यटक बहुधा चोर दरवाजाने किंवा पाली दरवाजाने येतो. पद्मावती तलाव, देवीचे मंदिर, सदर, सईबाईंची समाधी पाहतो. बालेकिल्ल्याचा उभा चढ चढतो. सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून फोटो काढतो आणि उतरतो.

आता तोच गड दुसऱ्या नजरेने पाहा. गड चालवायचा आहे, असे समजून पाहा. संजीवनी माचीवर दुहेरी तट आहे. आतल्या आणि बाहेरच्या भिंतीमध्ये माणसाला जेमतेम जाता येईल असा बोळ आहे, त्यात उतरायला उभ्या पायऱ्यांच्या अरुंद वाटा आहेत. लढाईच्या वेळी शत्रूला न दिसता पहारेकरी हलवण्याची ही सोय आहे. अर्थाने हे कर्मचाऱ्यांचे भुयारच आहे, फक्त आकाश उघडे आहे. तटाच्या आतल्या अंगाला जागोजागी पाण्याची टाकी आहेत, म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाला पाण्यासाठी बालेकिल्ल्याकडे धावावे लागू नये. आणि तटबंदीतच प्रातर्विधीची ठिकाणे बांधलेली आहेत.

या शेवटच्या गोष्टीपाशी थांबू या, कारण मार्गदर्शक इथे हसून पुढे जातात. तटातला शौचकूप उतारावर असतो आणि मैला गुरुत्वाकर्षणाने तटाबाहेर जातो. तो उचलायला माणूस लागत नाही. सतराव्या शतकातल्या डोंगरी किल्ल्यात हे साधले होते. मग विसाव्या शतकातल्या आपल्या शहरांत टोपलीचे संडास कसे होते? घराच्या मागे बोळ, बोळात खिडकी, खिडकीत टोपली आणि ती टोपली डोक्यावर वाहून नेणारा विशिष्ट जातीचा माणूस. त्या बोळालाही वास्तुशास्त्राच्या भाषेत देखभालीची जागा म्हणता येईल. तंत्र नव्हते म्हणून ही व्यवस्था होती, असे म्हणणाऱ्याने एकदा राजगडाचा तट पाहावा. तंत्र होते. पण तंत्रापेक्षा माणूस स्वस्त होता, आणि तो माणूस स्वस्त ठेवण्याचे काम जात करत होती.

भोरजवळच्या रोहिड्यावरही हेच पाहता येते. बाजारवाडीहून चढून दुसऱ्या दरवाजाला आलात की लगेच भुयारी टाके लागते, त्याचे पाणी बारमाही आहे. तिसऱ्या दरवाजावरची हत्तीची शिल्पे आणि शिलालेख पाहायला सगळे थांबतात. टाक्यावर बाटली भरून घेतात आणि पुढे जातात. शिल्प आणि शिलालेख ही गडाची दर्शनी बाजू, टाके ही त्याची आतली बाजू. पण शिलालेखाशिवाय गड टिकला असता. टाक्याशिवाय तो आठवडाभरही टिकला नसता.

कर्त्याशिवायचे क्रियापद

गडाची देखभाल कशी करावी, याचे मराठीत लिहिलेले नियम आपल्याकडे आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हा १७१५ च्या सुमाराचा ग्रंथ. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते रास्त आहे. त्यातले दुर्गांचे प्रकरण मी अनेकदा वाचले आहे. देखभालीचे इतके बारीक भान त्या काळातल्या राज्यकर्त्याला होते, हे पाहून आजही आश्चर्य वाटते.

पाण्याबद्दल अमात्य सांगतात की आधी पाणी पाहून मगच किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा तर महत्त्वाची असेल, तर खडक फोडून पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी टाकी करावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाणी मात्र जास्त लागते. म्हणून दोनचार टाकी राखीव ठेवून त्यांतले पाणी खर्च होऊ देऊ नये. स्वच्छतेबद्दलही असेच बारकावे आहेत. गडाचे रस्ते, बाजार, तट यांवर केरकचरा राहू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा. राख परसात टाकून तिच्यावर भाजीपाला करावा.

तीनशे वर्षांपूर्वीचे हे घनकचरा व्यवस्थापन आहे. आजच्या कोणत्याही नगरपालिकेला लाज वाटावी इतके नेमके आहे. पण क्रियापदे पाहा. खडक फोडावा, टाकी बांधावीत, केर झाडावा, राख टाकावी. या सगळ्या ओळींत कर्ता कुठे आहे? कोणी फोडावा? कोणी झाडावा? मराठी भाषेची ही विध्यर्थी रचना मोठी सोयीची आहे. तिच्यात काम दिसते आणि काम करणारा नाहीसा होतो. हुकूम देणाऱ्याला आणि तो ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते की झाडू कोणाच्या हातात असणार, म्हणून त्याचे नाव लिहायची गरजच पडत नाही. फ्लोरिडाच्या भुयाराने जे केले तेच इथे व्याकरणाने केले.

उलट बाजू पाहा. गडाच्या वरच्या अधिकाऱ्यांबद्दल लिहिताना कर्ता हरवत नाही. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस कोण, त्यांची कामे कोणती, त्यांच्यावर जबाबदारी कशी वाटलेली, हे सगळे येते. कोणते पद कोणत्या जातीला, तेही येते. कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळचे बांदल, मोसे खोऱ्याचे पासलकर ही देशमुख घराणी नावागावासह आपल्याला माहीत आहेत. रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर यांनी जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरून घेतले, त्या नम्रतेचे कौतुक शाळेपासून ऐकत आलो. त्या पायरीचा दगड खाणीतून काढणाऱ्या बेलदाराला आणि घडवणाऱ्या पाथरवटाला मात्र पायरीसुद्धा मिळाली नाही.

गडाचा घेरा

मग ही माणसे होती कुठे? या प्रश्नाचे उत्तर गडावर शोधायला गेलात तर मिळणार नाही. उत्तर गडाखाली आहे.

डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याच्या आणि उतारावरच्या प्रदेशाला घेरा म्हणतात. शेजारच्या भागात 'घेरा सिंहगड', 'घेरा पुरंदर' ही महसुली गावांची नावे आजही आहेत. गडाच्या वाटेवर मध्येच जी चौकीची जागा असते, तिला मेट म्हणतात. आपल्या तालुक्यात तोरण्याच्या परिसरात मेट पिलावरे नावाचे गाव आहे. तट पडले, वाडे पडले, पण गावाच्या नावात चौकी अजून उभी आहे. इतिहासाला कागद सापडला नाही की तो हात वर करतो. गावाची नावे वाचायला शिकला असता, तर त्याला ही वेळ आली नसती.

घेऱ्यात कोण राहत होते, हे साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. गडाच्या रक्षणासाठी असलेल्या गडकऱ्यांत ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार आणि मांग होते असे तो सांगतो. त्यांना गडाच्या आसपास वंशपरंपरागत इनाम जमिनी होत्या. मग तो कामाची वाटणी सांगतो. रामोशी आणि महार गडाबाहेरच्या चौक्यांवर असत. बातम्या आणणे, सगळ्या वाटांवर नजर ठेवणे, चौकशी करणाऱ्या परक्याची दिशाभूल करणे, भरकटलेल्या शत्रूला गाठून संपवणे ही त्यांची कामे.

ही वाटणी नीट समजून घ्या. एकाच गडाचे गडकरी, पण काही तटाच्या आत आणि काही तटाच्या बाहेर. शत्रू आला तर पहिला वार बाहेरच्यावर. पावसाळ्यात मावळातला पाऊस, बिबट्याचे रान, अंधार आणि धुके बाहेरच्याच्या वाट्याला. गडाची पहिली तटबंदी दगडाची नव्हती, ती माणसांची होती. दगडाच्या तटाला पुरातत्त्वाचे संरक्षण मिळाले. माणसांच्या तटाला काय मिळाले?

काहींना बंडखोर हा शिक्का मिळाला. उमाजी नाईक यांचे रामोशी घराणे पुरंदरच्या रखवालीशी जोडलेले होते. हे रखवालीचे हक्क काढून घेतले गेल्यावर जो असंतोष पेटला, त्यातून उमाजींचे बंड उभे राहिले आणि इंग्रजांनी त्यांना पुण्यात फाशी दिली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या वाटा राखल्या, त्यांनाच पुढे इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. कारण किल्ल्यांची गरज संपली होती. पडद्यामागच्या माणसाचे हेच असते. खेळ संपला की त्याला पाठवून देतात, आणि टाळ्या मात्र रंगमंचावर उभ्या असलेल्यालाच पडतात.

घेरा म्हणजे मोठे गावकूस

आंबेडकरी वाचकाला हे वर्णन वाचताना काहीतरी ओळखीचे वाटले असेल. वाटायलाच हवे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मांडले की आजचे अस्पृश्य हे मूळचे पराभूत, विखुरलेल्या टोळ्यांतले लोक. स्थिर वस्तीने त्यांना आश्रय दिला, पण वस्तीच्या बाहेर. त्याबदल्यात त्यांनी वस्तीची राखण करायची. म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती ही सुरुवातीला अपवित्रतेची नव्हती, पहाऱ्याची होती. अपवित्रता नंतर चिकटवली गेली.

हा सिद्धांत पुस्तकात वाचताना अनेकांना दूरचा वाटतो. राजगडाखाली उभे राहून वाचा, तो डोळ्यांसमोर उभा राहतो. बालेकिल्ला, माची, तट, मेट, घेरा अशी उतरत जाणारी रचना आणि तिच्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळात महार, मांग, रामोशी. गावाची रचनाही तीच. पाटलाचा वाडा, आळी, वेस, गावकूस आणि बाहेर महारवाडा. महाराची गावातली कामे आठवा. सीमेची राखण, कुसाची डागडुजी, निरोप पोहोचवणे, वाटाड्या होणे, मेलेले ढोर ओढणे. ही यादी गावाच्या देखभाल खात्याची आहे. किल्ला म्हणजे शस्त्र घेतलेले गाव, आणि घेरा म्हणजे मोठे गावकूस.

या देखभाल खात्याचा पगार म्हणजे वतन. १८७४ च्या वतन कायद्याने ब्रिटिश सरकारने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. तुटपुंजी जमीन, थोडे बलुते आणि त्याबदल्यात चोवीस तास बांधिलकी. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा असा की वतनदार महाराला कामाचे तास नाहीत, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपले जाते, आणि मोबदला हास्यास्पद आहे. कामाची बांधिलकी सोडून पूर्ण सारा भरून जमीन ठेवण्याची मुभा त्यांनी मागितली. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, विरोध झाला आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रात जातिअंताच्या लढ्याचा इतिहास लिहिताना आपण मंदिर, पाणी, मनुस्मृती यांच्यावर भर देतो. वतनाचे विधेयक मागे पडते. पण पडद्यामागच्या माणसाला पडद्यामागून बाहेर येण्याचा कायदेशीर दरवाजा हवा होता, आणि बाबासाहेब तो दरवाजा १९२८ सालीच ठोठावत होते.

टाके खोदताना विटाळ नसतो

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. वरचा प्रदेश गडांच्या टाक्यांचा, खालचे गाव चवदार तळ्याचे. मध्ये एक घाट.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यासाठी कायद्याचा आधार होता. सीताराम केशव बोले यांचा ठराव विधिमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला होता. तरीही मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि न्यायालयीन लढाईचा अंतिम निकाल यायला १९३७ साल लागले.

खडक फोडताना, गाळ उपसताना, बांध घालताना शरीर चालते. पाणी साठले की तेच शरीर बाटवते. टाके खोदताना विटाळ नसतो, टाके भरल्यावर विटाळ सुरू होतो. जातीची सगळी वास्तुरचना या एका वाक्यात आहे. बांधकाम चालू असताना सगळी दारे उघडी. उद्घाटन झाले की एक दार 'कामगारांसाठी' आणि बाकी सगळी दारे बंद.

झाडूचेही तसेच. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, याची नोंद केली आहे. आज्ञापत्रातला झाडू गड स्वच्छ ठेवण्यासाठी होता. पेशवाईतला झाडू माणसाच्या पाऊलखुणा पुसण्यासाठी होता. ज्याने रस्ता झाडला, त्याचे पाऊलही त्या रस्त्यावर राहू नये. इतिहासाच्या पुस्तकात नेमके हेच घडले आहे. गड झाडून लख्ख, पाऊलखुणा गायब.

शिवरायांना कमी लेखणे नव्हे

इथे एक आक्षेप येणार, तो मला ठाऊक आहे. 'तुम्ही प्रत्येक ठिकाणी जात आणता. शिवरायांनी अठरापगड जातींना सोबत घेतले, मग हा वाद कशाला?'

उत्तर सोपे आहे. अठरापगड म्हणायचे आणि नावे मात्र तीनचार जातींचीच घ्यायची, हा दुटप्पीपणा आम्ही दाखवतो आहोत. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा लिहिला, तो त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे करण्यासाठी. बाबासाहेब डिसेंबर १९२७ मध्ये महाडची परिषद आटोपून सहकाऱ्यांसह रायगडावर गेले. मनुस्मृती जाळून झाल्यावर ते रायगड पाहायला गेले, ही साधी सहल नव्हती. आमचा शिवरायांशी वाद नाही. ज्या राजाने महार, मांग, रामोशी यांच्या हाती शस्त्र आणि गडाच्या वाटा विश्वासाने सोपवल्या, त्याच्या गडावर त्यांचे नाव नसावे, याच्याशी वाद आहे. त्यांना लपवणारा इतिहासकार शिवरायांचे राज्य लहान करून दाखवतो.

पण आपल्याच लोकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'आम्ही गडाचे राखणदार होतो' एवढ्यावर छाती फुगवून थांबू नका. राखणदार होतो हे खरे. तटाबाहेरचे राखणदार होतो, हेही तितकेच खरे. विश्वास होता, जमीन होती, शस्त्र होते आणि तरीही जागा बाहेरचीच होती. शौर्याची कथा सांगताना ही बाहेरची जागा विसरलो, तर आपणही त्याच देखाव्यात एक पुतळा बनून उभे राहू. बाबासाहेबांनी आपल्याला राखणदारीचा सन्मान मिळवून दिला नाही, त्या बांधिलकीतून बाहेर पडायचा रस्ता दाखवला.

आता काय?

जागतिक वारसा म्हणजे गर्दी वाढणार. राजगडावर रोपवेची चर्चा चालू आहे. वाहनतळ होतील, स्वच्छतागृहे होतील, कचराकुंड्या येतील, तिकीटघर येईल. म्हणजेच गडाला पुन्हा एकदा पडद्यामागची माणसे लागणार. ही माणसे कोण असतील? कोणत्या कंत्राटावर, किती रोजावर, हातमोज्यांसह की हातमोज्यांविना? हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. डोंगरावरच्या स्वच्छतागृहाची टाकी भरली की ती कशाने उपसणार, हे आराखडा करतानाच ठरले नाही, तर तिथे कोणाला उतरवले जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तटातला शौचकूप बांधणाऱ्याने हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी माणसाशिवाय सोडवला होता. आपण त्याच्या मागे जाणार आहोत का?

म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो.

पहिली, राजगड, तोरणा आणि रोहिड्यावर जे माहितीफलक लागतील, त्यांत टाकी, शौचकूप, दुहेरी तटाचे बोळ, मेट आणि घेरा यांना स्वतंत्र जागा द्या. तिथे महार, मांग, रामोशी, बेलदार, पाथरवट यांची नावे जातीच्या उल्लेखासह लिहा. लाजायचे ते कामाला नाही, लपवण्याला.

दुसरी, घेऱ्यातल्या गावांमध्ये घराघरांत जुने कागद आहेत, वतनाच्या सनदा आहेत, इनामाचे सातबारे आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत. त्यांची नोंद घेण्याचे काम वारसा आराखड्याचा भाग करा. हे काम बाहेरून संशोधक आणून होणार नाही. भोर आणि वेल्ह्यातल्या शिकलेल्या मुलामुलींना हाताशी घ्या.

तिसरी, गडाच्या देखभालीसाठी जो कर्मचारी लागेल तो कायम नेमणुकीचा, किमान वेतनाचा आणि सुरक्षा साधनांसह असावा. स्वच्छतेचे काम एकाच समाजाच्या माणसांकडे जाणार नाही, याची लेखी हमी हवी.

आणि आपल्यासाठी एक काम. पुढच्या वेळी राजगडावर जाल तेव्हा सदरेवर नतमस्तक व्हा, जरूर व्हा. मग संजीवनी माचीवर जा. तटाच्या आतल्या एखाद्या टाक्यापाशी बसा आणि कातळावरचे छिन्नीचे घाव बोटांनी चाचपून पाहा. तो प्रत्येक घाव कोणीतरी घातला आहे. त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. ज्या क्रियापदाला तीनशे वर्षे कर्ता मिळाला नाही, तो कर्ता तिथे तुमच्या हाताखाली आहे. त्याला ओळखा, आणि खाली उतरल्यावर चारचौघांत त्याच्याबद्दल बोला.

जय भीम!